दहा बाय दहा

नागपूरच्या ऑफिसात हा तलाव
सोळा वर्षं निळ्याचा हिरवा होत गेला,
आणि साहेबांनी अहवालात लिहिलं:
हरित आच्छादनात समाधानकारक वाढ.
मला पाठवलं खात्री करायला.
माझा धंदाच तो.
आभाळ जे म्हणतं ते खरं की खोटं
हे चिखलात उभं राहून ठरवायचं
आणि टॅबवर टिचकी मारायची.

साकोलीच्या पुढं डांबर संपतं,
मग धानाच्या बांध्या, मग तलावाची पार.
पारेवर पारबता मारबते, ढिवर सोसायटीची सचिव,
जाळ्याची गाठ दातानं आवळत बसलेली.
मी म्हटलं, वरून इथं जंगल दिसतं.
ती हसली नाही. उठली,
लुगडं खोचून कमरेइतकी आत शिरली,
एक दांडा उपटला, आणून माझ्या पायाशी टाकला.
"बेशरम हाय जी. जांभळा फूल देते.
ढोर तोंड लावत नाही, मासा अंडा घालत नाही.
हिरवा म्हणजे बरा,
असा तुमच्या मशीनले कोनं शिकवलन?"

दर पाच दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमारास
तो डोक्यावरून जातो.
आवाज नाही, सावली नाही.
मी तिला बोटानं रिकामं आभाळ दाखवलं.
"मी दिसतो का त्याले?"
नाही.
"डोंगा?"
नाही.
"मंग केवढा असला म्हणजे दिसते?"
दहा मीटर बाय दहा मीटर, मी म्हटलं,
त्याहून लहान जे काही असेल
ते शेजारच्या रंगात मिसळून जातं.

तिनं पावलं टाकून मोजलं,
पारेखालच्या सपाटीवर, अनवाणी.
चौदा पावलं लांब, चौदा रुंद,
कोपऱ्यांना चार दगड.
मधोमध उभी राहिली बराच वेळ.
"येवढ्यात तर लगनाचा मांडव बसते," म्हणाली,
आणि मला चहा विचारायचं विसरली.

वैशाखात तलाव आटला तेव्हा
नऊ बाया उतरल्या.
बेशरम तोडून भागत नाही,
दांडा पडेल तिथं पुन्हा मूळ धरतो.
मुळासकट ओढायचा, पारेपल्याड वाळवायचा, जाळायचा.
रिकाम्या चिखलात मग शेजारच्या बोडीतून आणलेलं
गाद आणि चिऊल रोवलं, धान रोवतात तसं,
वाकून, मागं मागं सरकत.
हे मला कुठल्याच चित्रात दिसलं नाही.
तिनं फोनवर सांगितलं.

पावसाळाभर माझ्या पडद्यावर नुसता पांढरा.
फेऱ्यांमागून फेऱ्या वाया.
तिचा फोन मात्र यायचाच;
बाजाराचा वार पाठ असावा
तसा त्याच्या फेरीचा दिवस तिला पाठ.
"गेला का जी आज? निघाला का फोटो?"
ढग होते, ताई.
"मी पान्यात उभीच होती."
तिला माहीत होतं की ती दिसत नाही.
मीच सांगितलं होतं.
पुढच्या फेरीला पुन्हा फोन:
"उभी होती."

कोजागिरीच्या अलीकडं आभाळ उघडलं.
सात चौकोन काळेनिळे.
आठवा धड पाणी नाही, धड झाड नाही,
त्याला मी अर्धा दिवस बघत बसलो.
साहेब म्हणाले, सातशे चौरस मीटर?
एवढं तर आपण चुकीत धरतो.
आणि आलेखात हिरवं घटलं म्हणून
तालुक्याच्या नावापुढं लाल बाण आला.

मी रजा टाकून गेलो.
त्या संध्याकाळी पारबताच्या ओसरीवर
डाडक होता, मोहरी वाटून केलेला,
काटे काढायला तिच्या नातवानं शिकवलं.

नमुन्यात रकाने पाच:
पाणी, पीक, वन, पडीक, इतर.
तळाशी शेरा, जागा दोन ओळींची.
मी भरलं: डाडक मासा तलावात परत आला आहे.
प्रत्यक्ष खात्री केली. रस्सा, दोन वाट्या.

संगणकानं नोंद परत पाठवली:
माहिती ग्राह्य नाही, कृपया तपासा.
तपासली.
वाट्या तीन होत्या.